श्वास आणि शय्या

घरांत कोणाला धाप लागली कीं भोंवतालच्या माणसांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो "जरा आडवे व्हा" हा. त्यामागें माया असते, यांत संशय नाहीं. दमलेल्या मनुष्यास निजवावें, उशी सारखी करावी, अंगावर पांघरूण घालावें, हा शुश्रूषेचा परंपरागत क्रम होय. आणि ताप, पोटदुखी, थकवा अशा बहुतेक प्रसंगीं तो योग्यहि असतो. परंतु ज्याचें फुप्फुस रोगानें ग्रासलें आहे, त्याच्या बाबतींत आडवें होणें ही साधी गोष्ट राहत नाहीं. तो उजव्या कुशीवर निजला कीं डाव्या, उताणा निजला कीं पालथा, कीं निजलाच नाहीं व गुडघ्यांवर कोपरें टेकून बसून राहिला, यावर त्याच्या रक्तांत त्या घटकेला किती प्राणवायु मिसळेल हें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. औषध तेंच, हवा तीच, रोगीहि तोच; केवळ अंगाची ठेवण बदलली कीं रक्तांतील प्राणवायूचें मान वर जातें किंवा खालीं येतें.

ही गोष्ट शहरांतल्या घरीं जितकी उपयोगाची, त्याहून अधिक ती रुग्णालयापासून दूर राहणाऱ्यांच्या उपयोगाची आहे. ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांतील खर्डी हें गांव घ्यावें. मुंबईहून लोहमार्गानें सुमारें १०७ किलोमीटर गेलें कीं कसाऱ्याच्या घाटापूर्वीं हें स्थानक लागतें. मुंबईस पाणी पुरविणारे तानसा, वैतरणा व भातसा हे जलाशय याच मुलुखांतले. त्यांपैकीं तानसेचें धरण १८९२ सालचें. शहराचें पाणी येथून खालीं उतरतें, आणि येथला जिवावर बेतलेला रोगीहि बहुधा त्याच दिशेनें उतरतो. इतकेंच कीं त्याची वाट नळांतल्या पाण्याइतकी सरळ नसते.

या भागांत ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांची वस्ती मोठी. घरें पुष्कळदां कारवीच्या कुडाचीं, शेणामातीनें सारवलेलीं, चूल घरांतच. पावसाळ्यांत ओलें सरपण पेटतां पेटत नाहीं आणि धूर छपराखालीं कोंडून राहतो. चुलीपुढें चाळीस वर्षें बसलेल्या बाईनें जन्मांत विडीला हात लावला नसला, तरी तिचीं फुप्फुसें विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसांसारखीं जर्जर होऊं शकतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनीं २००९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांतून याच गोष्टीकडे जगाचें लक्ष वेधलें. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांच्या वाट्यास धूर व धूळ दोन्हीहि येतात. न्यूमोनिया आणि क्षय यांचें नांव निराळें घ्यावयास नकोच.

मोठा दवाखाना म्हणजे शहापूरचें उपजिल्हा रुग्णालय. तें वीसपंचवीस किलोमीटरांवर. तेथें भागलें नाहीं तर ठाणें, मुंबई, किंवा घाट चढून नाशिक. आडरानांतल्या एखाद्या पाड्यावरून सडकेपर्यंत रोग्याला डोलींत घालून आणण्याचे प्रसंगहि या तालुक्यांत घडतात. डोली म्हणजे बांबूला बांधलेली झोळी. तींत मनुष्य पाठीवर पडतो, कंबरेंत वांकतो आणि त्याचे गुडघे पोटाशीं येतात. पाय मोडलेल्या माणसाला ती चालून जाते. धाप लागलेल्याला याहून वाईट ठेवण शोधूनहि सांपडणार नाहीं. रुग्णालयांत पोहोंचल्यावर काय करावयाचें हें डॉक्टर जाणतात. प्रश्न असतो तो तेथपर्यंतच्या तासा-दोन तासांचा, आणि त्या वेळांत रोग्याचें अंग कसें ठेवावयाचें हें ठरविणारे असतात घरचे लोक.

फुप्फुस म्हणजे हवेनें फुगणारी एक पोकळ पिशवी, अशी सामान्य समजूत असते. वास्तविक त्यांत तीस कोटींहून अधिक सूक्ष्म वायुकोश असतात आणि प्रत्येकाच्या भोंवतीं केशाहून बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें विणलेलें असतें. हृदयाचा उजवा भाग दर मिनिटास सुमारें पांच लिटर रक्त या जाळ्यांतून ढकलतो. हवेनें वायुकोशापर्यंत येणें आणि रक्तानेंहि त्याच वायुकोशापर्यंत येणें, या दोन गोष्टी एकाच जागीं घडल्या तरच प्राणवायु रक्तांत शिरतो. हवा एकीकडे व रक्त दुसरीकडे, असें झालें तर दोघांचेहि श्रम फुकट.

आतां फुप्फुसांतील रक्ताचा दाब शरीराच्या इतर भागांतील दाबाच्या मानानें फार थोडा, जवळजवळ एकषष्ठांश असतो. मोठ्या माणसाचें फुप्फुस उभ्यानें सुमारें तीस सेंटिमीटर उंच. एवढ्या थोड्या दाबानें रक्त शेंड्यापर्यंत कसेंबसें चढतें आणि तळाशीं मात्र भरपूर उतरतें. जर्मन वैद्य योहानेस ओर्ट यांनीं १८८७ सालींच असें सुचविलें होतें कीं, क्षयाचा रोग मोठ्या माणसांत फुप्फुसाच्या शेंड्याशीं घर करतो, त्याचें कारण उभ्या शरीरांत तेथें रक्त कमी पोहोंचतें हें असावें. पुढें १९६० च्या सुमारास लंडनमध्यें जॉन वेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं किरणोत्सारी वायूच्या साहाय्यानें प्रत्यक्ष मोजून दाखविलें कीं, बसलेल्या मनुष्याच्या फुप्फुसाच्या तळांतून शेंड्याच्या कितीतरी पट रक्त वाहतें. मनुष्य कुशीवर वळला कीं तळ बदलतो: जी बाजू खालीं, ती तळ. उताणा निजला तर पाठीकडचा भाग तळ होतो.

खर्डीच्या शेतकऱ्यास हें निराळें समजावून देण्याची गरज नाहीं. भाताच्या खाचरांत पाणी वरून खालीं उतरत जातें. खालच्या खाचरांत रोप उभें असलें तर त्या पाण्याचें चीज होतें, तेथील रोप कुजून गेलें असलें तर पाणी येतें आणि वायां जातें. निरोगी मनुष्यांत निसर्गानें सोय अशी केली आहे कीं, खालच्या भागांत रक्त जास्त आणि हवेची ये-जाहि जास्त. त्यामुळें निरोगी मनुष्य कसाहि लोळला तरी त्याचें फारसें बिघडत नाहीं. बिघडतें तें रोप कुजलेल्या खाचराच्या बाबतींत.

समजा, एखाद्या तरुणास उजव्या फुप्फुसाचा न्यूमोनिया झाला आहे. त्या फुप्फुसाचे वायुकोश पुवानें व द्रवानें भरले आहेत. तेथें रक्त जातें, पण हवेची गांठ न पडतां तसेंच काळवंडलेलें परत येतें. कोणासहि वाटेल कीं, डावें फुप्फुस शाबूत आहे, तें दुप्पट काम करून तूट भरून काढील. तसें होत नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन हा प्राणवायूचा वाहक चांगल्या फुप्फुसांतून जातांना शेंकडा ९७-९८ पर्यंत भरतोच. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? श्वास कितीहि जोरानें घेतला तरी ती घागर शंभराच्या वर भरत नाहीं. उजवीकडून आलेलें रिकामें रक्त तींत मिसळलें कीं एकंदर मान खालीं येतें.

एक सोपा हिशेब करून पाहावा. निम्में रक्त चांगल्या फुप्फुसांतून ९८ टक्के भरून आलें व निम्में रोगट फुप्फुसांतून ७० टक्क्यांवर, म्हणजे शिरांतून आलें तसेंच, परतलें. तर मिश्रण ८४ टक्क्यांचें होईल. तोच रोगी डाव्या, म्हणजे निरोगी कुशीवर वळविला व त्यामुळें दोनतृतीयांश रक्त चांगल्या बाजूकडे गेलें, तर मिश्रण सुमारें ८९ वर येईल. उलट, रोगट बाजू खालीं ठेवून दोनतृतीयांश रक्त तिकडे उतरूं दिलें, तर आकडा ७९ च्या आसपास घसरेल. एका कुशीवर ८९ आणि दुसऱ्या कुशीवर ७९! प्रत्यक्ष शरीरांत हिशेब इतका सरळ नसतो. स्वीडनमधील ऑयलर व लिलिएस्ट्रांड यांनीं १९४६ सालीं मांजरांवरील प्रयोगांत दाखविल्याप्रमाणें, जेथें प्राणवायु कमी पडतो तेथील रक्तवाहिन्या आपोआप आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवूं पाहतात. पण रोग तीव्र असला म्हणजे ही सोय अपुरी पडते.

अमेरिकेंतील वैद्यांनीं १९८१ सालीं, एकाच बाजूचें फुप्फुस बिघडलेल्या नऊ प्रौढ रोग्यांना आळीपाळीनें उताणें, उजव्या व डाव्या कुशीवर निजवून त्यांच्या रोहिणींतील रक्त तपासलें. निरोगी फुप्फुस खालीं असतांना प्राणवायूचें मान सर्वांत चांगलें आढळलें. तेव्हांपासून "चांगलें फुप्फुस खालीं" हा नियम रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या शिक्षणांत रुळला आहे.

परंतु या नियमाच्या आड एक गोष्ट येते, आणि ती खुद्द रोग्याकडूनच. न्यूमोनियाबरोबर पुष्कळदां फुप्फुसाच्या वेष्टणास दाह होतो. प्रत्येक श्वासासरशी बरगडींत सुरी खुपसल्यासारखी कळ येते. मग रोगी आपण होऊन दुखऱ्या बाजूवरच निजतो, कारण ती बाजू दाबली गेली म्हणजे कमी हालते आणि कमी दुखते. घरच्यांना वाटतें, त्याला बरें वाटत आहे, झोंप लागली आहे, वळवूं नका. दुखणें कमी झालें हें खरें; त्याच वेळीं रक्तांतील प्राणवायूहि कमी होत असूं शकतो, आणि ती गुंगी झोंपेची नसून प्राणवायूच्या टंचाईची असूं शकते. आराम आणि प्राणवायु हे येथें दोन बाजूंस ओढतात. अशा वेळीं ओठांचा रंग, श्वासांची गति व बोटावरच्या यंत्राचा आकडा पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

नियमास अपवाद आहेत, आणि ते जिवाशीं गांठ घालणारे आहेत. क्षयाच्या रोग्यास खोकल्यावाटे पुष्कळ रक्त पडूं लागलें तर उलटें करावयाचें: ज्या बाजूनें रक्त येत आहे ती माहीत असल्यास तीच बाजू खालीं ठेवावयाची. नाहींतर तें रक्त चांगल्या फुप्फुसांत उतरून तेंहि बुडवितें. शहापूर-मुरबाडसारख्या भागांत, जेथें क्षय अजून घरोघरच्या ऐकिवांत आहे, तेथें हा अपवाद नियमाइतकाच ठाऊक असावयास हवा. फुप्फुसांत पुवाचा गळू असला तरी तीच सावधगिरी. दुसरा अपवाद तान्ह्या मुलांचा. त्यांची छाती मऊ असते, खालची बाजू दबते व हवा वरच्या बाजूस अधिक जाते. म्हणून १९८० नंतरच्या पाहण्यांत तान्ह्या मुलांत निरोगी फुप्फुस वर ठेवल्यानें प्राणवायु सुधारतो असें आढळलें. मोठ्यांची रीत डोळे मिटून पाळण्यांत नेऊं नये.

आतां चुलीपुढल्या म्हातारीकडे वळावें. तिचा रोग एका बाजूचा नाहीं. दोन्ही फुप्फुसें फुगून सैल पडलीं आहेत, नळ्या अरुंद झाल्या आहेत, आणि छाती व पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा, जो घुमटासारखा असावयाचा, तो दबून सपाट झाला आहे. तिला "आजे, पड जरा" म्हणून आग्रह करणें म्हणजे तिचा छळ करणें होय. निजल्याबरोबर पोटांतील आंतडीं तो पडदा वर रेटतात आणि फुप्फुसांत उरणारी हवा आणखी कमी होते. निरोगी मनुष्यांतसुद्धां ही घट अर्ध्यापासून एक लिटरपर्यंत असते. म्हातारी उठून बसते, पुढें वांकते, कोपरें गुडघ्यांवर टेकते. तिला कोणी शिकविलेलें नसतें. हात टेकल्यामुळें खांद्याचे व मानेचे स्नायु छाती उचलण्यास मोकळे होतात आणि सपाट पडलेल्या पडद्याला थोडी वर येऊन जोर करावयास जागा मिळते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत तमकश्वासाचें वर्णन आहे, त्यांतहि हेंच टिपलें आहे कीं हा रोगी निजला असतां पीडतो आणि बसला असतां सुख पावतो. इतक्या जुन्या निरीक्षणास आजच्या शास्त्रानें फक्त कारण जोडून दिलें.

येथें एक भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पुढें वांकून बसल्यानें धाप कमी होते, हें खात्रीनें सांगतां येतें. रक्तांतील प्राणवायु तितकाच वाढतो, असें सांगतां येत नाहीं. धाप ही जाणीव आहे, प्राणवायु हें माप आहे, आणि त्यांची जोडी नेहमींच जमते असें नाहीं. कोविडच्या सांथींत याचें भयंकर प्रत्यंतर आलें: आकडा ऐंशीच्या घरांत गेलेला, आणि रोगी शांतपणें बोलत बसलेला. उलटपक्षीं आकडा ठीक असून धापेनें कासावीस झालेले जुने दमेकरीहि पुष्कळ असतात. जुनाट विकाराच्या अशा रोग्यांना प्राणवायु देतांना डॉक्टर आकडा ८८ ते ९२ यांच्या दरम्यान राखूं पाहतात, कारण त्यांतल्या कांहींना अति प्राणवायूच अपाय करतो. म्हणून घरीं आणलेल्या नळकांड्याची चावी आपल्या मनानें वाढवीत सुटणें हा उपकार नव्हे.

बसविण्यांतहि रीत आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ सालीं लिहिलेल्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत उशांविषयीं बारकाईनें लिहिलें आहे. डोक्यामागें उशांवर उशा चढवीत गेल्यानें मान छातीवर झुकते, खांदे पुढें येतात आणि फुप्फुसांना फुगण्यास वाव राहत नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. आधार कंबरेपासून पाठीला हवा, डोक्याला नव्हे. शहरांतल्या सुखवस्तु घरांत, जेथें उशांची वाण नाहीं, तेथें ही चूक अधिक होते. खर्डीच्या घरांत भाताच्या कणगीला किंवा मधल्या मेढीला घोंगडीची वळकटी लावून म्हातारी टेकते, तें अनेक रुग्णालयांतील कलत्या खाटेपेक्षां वाईट नाहीं.

हृदय दुबळें झाल्यामुळें फुप्फुसांत पाणी साठलेला रोगीहि असाच बसून राहतो. निजला कीं गुदमरतो, मध्यरात्रीं दचकून उठतो व खिडकीकडे धांवतो. त्यास आडवें करण्याचा आग्रह तर धोक्याचाच. याच्या अगदीं उलट प्रकारहि क्वचित् दिसतो. यकृताच्या कांहीं जुन्या विकारांत किंवा हृदयाच्या पडद्यास छिद्र असतां, मनुष्य उभा राहिला कीं प्राणवायु घटतो आणि निजला कीं सुधारतो. १९४९ सालीं या प्रकारची नोंद वैद्यकीय वाङ्मयांत आली व १९६९ सालीं त्यास स्वतंत्र नांव मिळालें. असे रोगी थोडे. पण "बसविलें म्हणजे झालें" हें वाक्यहि सर्वांना लागू पडत नाहीं, एवढें त्यांवरून ध्यानांत यावें.

राहिला पालथें निजण्याचा प्रकार. दोन्ही फुप्फुसें एकदम सुजून ओलीं झालीं असतां तीं पाण्यानें भिजलेल्या स्पंजासारखीं जड होतात, आणि उताण्या रोग्यांत वरच्या भागाच्या भारानें पाठीकडचा भाग चेपून मिटतो. त्यावर हृदयाचें ओझें. खालून पोटाचा रेटा. फुप्फुसाचा मोठा हिस्सा पाठीकडे असतो आणि रक्तहि तिकडेच उतरतें. म्हणजे सर्वांत मोठें खाचर तेंच, आणि बुडालेलेंहि तेंच. रोगी पालथा केला कीं हृदय छातीच्या हाडावर टेकतें, पाठीकडचे मिटलेले वायुकोश उघडूं लागतात, आणि रक्ताचा ओघ मात्र तिकडे बव्हंशीं कायम राहतो. इटलीचे लुचानो गात्तिनोनी यांनीं क्ष-किरणांच्या छेदचित्रांतून हा पालट प्रत्यक्ष दाखविला.

ही युक्ति अंगवळणीं पडावयास काळ लागला. १९७६ सालीं अमेरिकेंत पांच रोग्यांवरील पहिला अनुभव प्रसिद्ध झाला. २००१ सालीं इटलींतील मोठ्या चांचणींत असें दिसलें कीं, दिवसांतून कांहीं तास पालथें ठेवल्यानें प्राणवायु वाढतो, परंतु मृत्यु कमी होत नाहींत. बहुतेकांनीं विषय तेथेंच सोडला असता. फ्रान्सचे क्लोद गेरें यांनीं सोडला नाहीं. त्यांनीं अतितीव्र रोगीच निवडले, सुरुवातीसच पालथे केले, आणि एका वेळीं निदान सोळा तास तसे ठेवले. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या या चांचणींत कृत्रिम श्वासयंत्रावरील ४६६ रोगी होते. अठ्ठावीस दिवसांत उताण्यांपैकीं शेंकडा ३२.८ दगावले, पालथ्यांपैकीं शेंकडा १६. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं. फक्त रोग्याला सांभाळून उलटविणारे चार-पांच जोडी हात.

त्यानंतर सातआठ वर्षांनीं महाराष्ट्रांत ही गोष्ट घरोघर ऐकूं आली. एप्रिल २०२१ मध्यें कोविडच्या दुसऱ्या लाटेंत प्राणवायूचा तुटवडा पडला. खर्डीहून घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या नाशिक शहरीं २१ एप्रिल रोजीं महापालिकेच्या एका रुग्णालयांत प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला व बावीस रोगी त्याच दिवशीं प्राणांस मुकले. त्याच आठवड्यांत रिकाम्या टाक्या घेऊन कळंबोलीहून निघालेली आगगाडी विशाखापट्टणास गेली, ती खर्डी-कसाऱ्यावरून नव्हे, तर वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा घेऊन. उंच टाक्यांना घाटाची वाट सोयीची नव्हती. भरलेल्या सात टाक्यांपैकीं तीन नागपुरास उतरल्या आणि चार २४ एप्रिलला नाशिकास पोहोंचल्या. त्याच दिवसांत केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें घरच्या घरीं पालथें निजण्याविषयीं सचित्र सूचना काढल्या. ज्यांचा आकडा ९४ च्या खालीं जातो त्यांनीं पालथें निजावें. एक उशी मानेखालीं, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखालीं. अर्धा तास ते दोन तासांनीं ठेवण बदलून कुशीवर, मग बसून, मग पुन्हां पालथें. जेवणानंतर तासभर नको. गरोदर स्त्रिया, हृदयाचे गंभीर विकार असलेले, पायाच्या शिरेंत नुकतीच गुठळी झालेले, आणि पाठीचा कणा, मांडीचें हाड किंवा कमरेचें हाड मोडलेले, यांनीं हें करूं नये, असेंहि त्यांत बजाविलें होतें.

त्या युक्तीचें मोल किती, याचा हिशेब पुढें झाला. सहा देशांतील अकराशेंहून अधिक जागृत रोग्यांवर केलेल्या व २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, यंत्रावर जाण्याची पाळी येणारे अथवा दगावणारे मिळून नेहमींच्या उपचारांत शेंकडा ४६ होते, पालथें निजणाऱ्यांत ४०. फरक मुख्यतः यंत्र टळण्याचा होता. मृत्यूच्या संख्येंत निश्चित फरक दिसला नाहीं. दुसऱ्या एका चांचणींत तर यंत्र टळल्याचेंहि सिद्ध झालें नाहीं. म्हणजे जागृत रोग्यास पालथें निजवणें हा जीवदान देणारा मंत्र नव्हे. प्राणवायु मिळेपर्यंत, गाडी येईपर्यंत, वाट संपेपर्यंत थोडा अवधि विकत घेण्याचें तें साधन आहे, आणि त्याला पैसा पडत नाहीं.

तो अवधि खरोखर मिळत आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें साधन आतां लहानशा चिमट्याएवढें झालें आहे. ताकुओ आओयागी या जपानी यंत्रज्ञानें १९७४ च्या सुमारास त्याचें तत्त्व शोधलें: बोटांतून लाल व अदृश्य तांबूस असे दोन प्रकाश सोडावयाचे आणि नाडीच्या ठोक्याबरोबर ते किती शोषले जातात त्यावरून रक्ताचा रंग, म्हणून प्राणवायूचें मान, ओळखावयाचें. कोविडच्या पहिल्या लाटेंत जगभर या यंत्राची शोधाशोध चालली असतांना, एप्रिल २०२० मध्यें, आओयागी निवर्तले. यंत्रास कांहीं खोडी आहेत. बोट थंड असेल, हलत असेल, नखांना रंग असेल तर आकडा फसवा येतो. काळ्या वर्णाच्या माणसांत तें कधीं कधीं वास्तवाहून अधिक आकडा दाखवितें, असें २०२० सालच्या अमेरिकन पाहणींत आढळलें. उन्हांत राबलेल्या सांवळ्या हातावर ९२ दिसले तर समाधान मानून बसूं नये.

शिवाय नव्वदाच्या खालचा उतार मोठा तीव्र असतो. रोहिणींतील प्राणवायूचा दाब शंभरावरून साठावर आला तरी हा आकडा ९८ वरून नव्वदापर्यंतच उतरतो. परंतु साठावरून चाळीसावर येतांना तो थेट पंचाहत्तरापर्यंत कोसळतो. माथ्यावर चालणाऱ्यास एक पाऊल इकडेतिकडे चालतें, कड्याच्या तोंडाशीं उभा असलेल्यास चालत नाहीं. म्हणूनच निरोगी माणसाने रात्रभर कोणतीहि कूस धरली तरी फरक जाणवत नाहीं, आणि फुप्फुसाच्या रोग्याला मात्र एका कुशीचा फरक भोंवतो.

तेव्हां खर्डीच्या त्या तरुणाला गाडींत घालण्यापूर्वीं घरांत करावयाचें तें थोडें आहे. १०८ क्रमांकास कळवून गाडी येईपर्यंतच्या वेळांत त्याला टेकून बसवावें व पांच मिनिटांनीं बोटावरचा आकडा पाहावा. मग डाव्या कुशीवर, पुन्हां पांच मिनिटें. सोसत असेल तर उजव्याहि कुशीवर. ज्या ठेवणींत आकडा पडूं लागेल ती लगेच सोडावी. तोंडावाटे रक्त पडत असेल तर हा प्रयोग मुळींच करूं नये. जी ठेवण उत्तम ठरेल तिच्यांत त्याला सडकेपर्यंत न्यावें, आणि डोलीच वापरावी लागली तर तिच्याऐवजीं घरची खुर्ची दोन बांबूंना बांधावी. सोबत जाणाऱ्यानें एका चिठीवर वेळ घालून लिहावें: बसून इतके, डाव्या कुशीवर इतके, उजव्या कुशीवर इतके. शहापूरच्या डॉक्टरांच्या हातीं ती चिठी पडली म्हणजे कोणतें फुप्फुस बिघडलें आहे याचा अर्धा अंदाज त्यांना छातीला नळी लावण्यापूर्वींच येईल.